पांढरी कोणाची?

महाडहून बिरवाडीकडे निघाले की वाटेत सरकारी पाटी दिसते, ‘महाड औद्योगिक वसाहत’. लोकांच्या तोंडी मात्र वसाहत नाही. ते ‘एमायडीसी’ म्हणतात आणि एसटीचा कंडक्टरही तेच ओरडतो. पण मराठी शिकवण्यात ज्याचे आयुष्य चालले आहे, त्याची नजर पाटीवरच अडकायची! वसणे, वस्ती, वसवणूक, वसाहत ही सारी एका घरची माणसे. वसाहत म्हटली की चूल आली, अंगणात वाळत घातलेले धुणे आले, तिन्हीसांजेला दारात दिवा आला. या वसाहतीत दिवे पुष्कळ; सारी रात्र जळत असतात. चूल मात्र शोधून सापडायची नाही. पाळी सुटली की माणसे सायकलींवर, मोटारसायकलींवर, कंपनीच्या बसमध्ये बसून जिथून आली तिथे परत जातात. जिथे कोणी वसत नाही तिला आपण वसाहत म्हणतो, आणि वर डोंगरात जिथे पंधरा पिढ्या नांदल्या तिला साधी ‘वाडी’. भाषेचा हा खट्याळपणा मला फार दिवस करमणूक करीत होता. गेल्या वर्षापासून करमणूक कमी झाली. त्याचे कारण सांगण्यासाठीच आज या सदराची चार पाने अडवतो आहे.

झाले असे, की मे महिन्याच्या सुटीत मी वर्गाला एक काम दिले. काम सोपे होते. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसायचे, ‘आपले गाव कोणी वसवले?’ एवढे विचारायचे आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवायचे. हेतू बोलीचा अभ्यास व्हावा हा. इतिहास माझा विषय नव्हे. जूनमध्ये वह्या आल्या. पाऊस पत्र्यावर वाजत होता, दिवे गेले होते आणि मी मेणबत्तीच्या उजेडात वाचीत बसलो होतो. पाचसहा वह्या झाल्यावर माझ्या ध्यानात आले, की आपण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचतो आहोत.

गोष्ट अशी. कोणी एक मूळपुरुष घाटावरून उतरला. भांडणाने म्हणा, दुष्काळाने म्हणा, खून पचवून म्हणा. संगे बायको, एक बैल आणि देवीचा टाक. बैल जिथे बसला तिथे त्याने झोपडी घातली. रान दाट होते, वाघ होता. वाघाने बैल खाल्ला किंवा मूळपुरुषाने वाघ मारला, हा तपशील घराण्याच्या प्रकृतीप्रमाणे बदलतो. मग देवी स्वप्नात आली, तिला दगडाखाली बसवली, आणि ‘तवापासून आमी हितं’. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतल्या मुलांनी जणू एकमेकांच्या वह्या पाहून लिहावे तसे हे. आपण इथलेच, कायमचे, असे म्हणणारा एकही नाही. जो तो कुठून तरी आलेला, आणि जो तो पहिला.

दोन वह्या मात्र निराळ्या निघाल्या. एक होती कातकरी वाडीवरच्या मुलाची. तिच्यात तीनच ओळी होत्या. आमचे गाव कोणी वसवले नाही. आम्ही डोंगरात होतो. खाली आलो तेव्हा गाव होते. दुसरी एका मुलीची. तिने पानाच्या डोक्यावर माझा प्रश्न सुवाच्य अक्षरात लिहिला होता आणि त्याखाली स्वतःचा एक प्रश्न, ‘सर, गाव एकदाच वसते की पुन्हा पुन्हा?’ बाकी पान कोरे होते.

त्या कोऱ्या पानाकडे मी वळेन. आधी त्या पहिलेपणाच्या हौसेचे पाहू, कारण आमच्या या मुलखाचा सगळा इतिहास ‘आधी कोण आले’ या एका वादावर उभा आहे.

मुलूखच तसा आहे. पाठीशी सह्याद्रीची भिंत, तिच्यात वरंध, पार, ढवळे अशा नावांच्या चिंचोळ्या वाटा. पुढ्यात सावित्री नदी, जी महाडपाशी काळ आणि गांधारी यांना पोटात घेते आणि दासगावावरून बाणकोटला समुद्राला मिळते. खाडीची भरती पूर्वी गलबतांना थेट महाडपर्यंत आणून सोडी. म्हणजे वरून उतरणारा आणि खालून चढणारा, दोघांची गाठ इथेच पडायची. मीठ आणि सुकी मासळी वर जायची, घाटावरचा गूळ आणि धान्य खाली यायचे. ज्याला घाट सांभाळता आला त्याने जकात घेतली. ज्याला नाही आला त्याने ओझी वाहिली. असा सीमेवरचा मुलूख कधी एकाचा नसतो.

दगडावर ज्याने आपले नाव घातले असा इथला सर्वांत जुना रहिवासी गांधारपाल्याच्या लेण्यांत भेटतो. मुंबई–गोवा रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने ती लेणी गाडीच्या खिडकीतून पाहिलेली असतात आणि बहुतेकांनी ‘एकदा जायला पाहिजे’ म्हणून पुढची भजी मागवलेली असतात. तिथल्या ब्राह्मी लेखात कानभोज कुमार विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, पाण्याची टाकी आणि येण्याजाण्याची वाट दान दिल्याचे कोरले आहे. अठराशे वर्षांच्या आसपासची ही गोष्ट. पैसा दानशूराने दिला, लेख त्याच्या नावाचा. ज्यांनी छिन्नी चालवली ते खाली कुठे राहत होते, काय खात होते, त्यांची पांढरी कुठली, याविषयी दगड मुका आहे. सावित्रीपलीकडे कोल गावच्या लेण्यांत संघरक्षित नावाचा एक शेठ आणि धम्मसिरी नावाची शिवदत्ताची बायको भेटते. या खोऱ्यात जिच्या नावाची पाटी टिकली अशी पहिली बाई बहुधा तीच. मला तिच्याविषयी फार आस्था वाटते. पुढच्या हजार वर्षांत तिच्यासारखी दुसरी सापडत नाही.

आता ‘पांढरी’ हा शब्द मी वापरला आहे, तर तो उलगडायला हवा. शहरातल्या वाचकांच्या कानांवरून तो गेला नसेल. जिथे माणसे राहतात, चुलीची राख, शेण, भिंतींची माती पिढ्यान् पिढ्या पडत राहते, ती जागा पांढरी. जिथे पिकते ती काळी. जुन्या कागदांत गाव म्हणजे काळी-पांढरी. मौज अशी, की आमची कोकणची माती ना काळी ना पांढरी, ती तांबडी. म्हणजे शब्दसुद्धा मूळपुरुषासारखाच घाट उतरून आलेला!

आणि तो आला कागद घेऊन. वतनाचा कागद, कौलाचा कागद. पडीक रान उठवणाऱ्याला पहिली काही वर्षे सारा थोडा, मग दरसाल चढता, अशी इस्ताव्याची रीत होती, आणि रानात माणूस आणायचा तर राज्यकर्त्याला ती पाळावी लागे. विजापूरकरांच्या वतीने जावळीत मोरे नांदत होते, ‘चंद्रराव’ हा किताब पिढ्यान् पिढ्या लावीत होते. १६५६ च्या जानेवारीत शिवाजीमहाराजांनी जावळी घेतली, त्याच वर्षी रायरी घेतली, आणि १६७४ साली त्याच रायरीचा रायगड होऊन तिथे राज्याभिषेक झाला. अठरा वर्षांपूर्वी जो डोंगर मोऱ्यांच्या अडचणीच्या काळातला आसरा होता, तो एका राज्याची राजधानी झाला. पेठ वसली, पाचाडला वाडे झाले. मोऱ्यांच्या बाजूने पाहिले तर ही वसवणूक नव्हे, उठवणूक. इतिहासाच्या तासाला आपण हे चटकन ओलांडून जातो. तरी महाराजांना वसवणुकीचे मर्म माहीत होते हे त्यांच्या १६७६ सालच्या प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिलेल्या पत्रावरून दिसते. ज्याच्या अंगात बळ आहे पण बैल नाही त्याला बैलाला पैसा द्या, पोटाला धान्य द्या, आणि मुद्दलच तेवढे, वाढीदिढीवाचून, त्याला जमेल तसे हळूहळू उगवून घ्या, असा त्यातला आशय आहे. आमच्या हल्लीच्या कर्ज देणाऱ्यांनी ते पत्र चौकटीत लावावे.

उमरठचे मालुसरे हे त्याच काळातले. तानाजीरावांचे घराणे मूळचे घाटावरच्या गोडवलीचे, तिथे घात झाला आणि पोर मामाच्या आधाराने उमरठला आले, असे परंपरा सांगते. १६७० साली कोंढाण्यावर देह पडला आणि समाधी उमरठला झाली. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. ‘शिवभारता’चे हे कर्ते मूळचे नेवाशाचे. आमचे वीर आणि आमचे कवी दोघेही बाहेरून आलेले! पोलादपूरच्या स्थानकावर महाबळेश्वरची गाडी पकडायला उतरलेल्या कोणाला तरी हे सांगावे असे मला दर खेपेस वाटते. पण गाडी लागलेली असते.

पुढे कागद वाढले. महाड पेशवाईतही गाजले. नाना फडणिसांचे १७९६ चे कारस्थान इथेच शिजले. पण गावगाड्यात काय चालले होते ते कारस्थानांतून दिसत नाही, ते शब्दांतून दिसते. घाटावर मिरासदार आणि उपरी. मिरासदार जुना, त्याची जमीन पिढीजात. उपरी म्हणजे नंतर आलेला, आज आहे उद्या नाही. आमच्याकडे धारेकरी, खोत आणि कूळ. खोताने सरकारला वसूल द्यायचा आणि कुळाकडून तो घ्यायचा, आणि दोहोंमध्ये जे उरेल त्यावर वाडा बांधायचा. रान ज्याच्या कोयत्याने तुटले त्याचे नाव कागदावर फारसे नाही. खालची भातजमीन एकाकडे, वर उतारावरची नाचणी-वरी दुसऱ्याकडे. आणखी वर, पठारावर गवळी-धनगरांचा वाडा. कातकरी रानात, खैराचा कात काढीत. पावसाचे पाणी जसे वरून खाली येते तसे मानाचे खालून वर जाता जाता संपून जाते.

हा मान कुठे पाहायचा? कचेरीत नव्हे, शिमग्यात पाहावा. ग्रामदेवतेची पालखी निघते ती कोणाच्या दारी पहिली जाते, होळीचा पहिला नारळ कोणाचा, ढोल कोणी वाजवायचा आणि पालखीला खांदा मात्र कोणी द्यायचा नाही, यात गावाचा सगळा इतिहास क्रमवार लिहिलेला असतो. पहिले दार पहिल्या आलेल्याचे. सातबारा खोटा करता येतो. पालखीचा क्रम बदलायचा तर डोकी फुटतात. मुंबईला गिरणीत आयुष्य काढलेली माणसे वर्षभर साहेबाच्या शिव्या खातील, पण शिमग्याला रजा मिळाली नाही तर नोकरी सोडतील. कारण तिथे ते कामगार नसतात, मानकरी असतात.

आणि ज्यांच्या दारी पालखी कधी गेलीच नाही त्यांचे काय? या प्रश्नासाठी दासगावला जायला हवे.

दासगाव महाडपासून पाच मैल, खाडीच्या काठी. १७५६ च्या तहाने बाणकोटाबरोबर दासगावही इंग्रजांकडे गेले. भोवताली साठएक वर्षे पेशवाई, आणि मध्ये हा इंग्रजी तुकडा. दिसायला एक बंदर आणि चार घरे. पण माणसाच्या नशिबात पाच मैलांनी केवढा फरक पडावा! इंग्रजांच्या मुंबई फौजेत कोकणातले महार भरती होऊ लागले. पलटणीत लिहावाचायला शिकले, सुभेदार-जमादार झाले, आणि पेन्शनी घेऊन दापोली, महाड, दासगाव या बाजूंना घरे करून राहिले. पेन्शनर शिपायांची ही वस्ती, हीही एक वसवणूकच. हिच्यात बैल नाही, वाघ नाही, स्वप्नात देवी नाही. आहे ती पेन्शनीची रक्कम, पोराला शाळेत घालण्याची ईर्षा आणि ट्रंकेत जपून ठेवलेला कोट.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांतलेच. १८८६ साली पलटणीतून निवृत्त झाले, दापोलीस राहिले, आणि अस्पृश्यतेला शास्त्राधार कुठला हे सनातन्यांना विचारणारे ‘विटाळ विध्वंसन’ त्यांनी १८८८ साली छापले. सरकारने महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा त्यांनी अर्ज लिहिला. १८९५ साली ते महाडच्या लोकल बोर्डावर नेमले गेले, आणि बोर्डातल्या इतर सभासदांना त्यांच्या शेजारी बसायचे कसे हा पेच पडला. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे हे पुढच्या पिढीचे. शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेत शिरण्यासाठी या मुलाला वर्तमानपत्रात लिहावे लागले. तोच मुलगा पुढे महाडच्या परिषदेची खटपट करणाऱ्यांत अग्रभागी होता.

त्या परिषदेची हकीकत प्रत्येकाला ठाऊक असते. निदान ठाऊक आहे असे वाटते. १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केले. सुरेंद्रनाथ टिपणीस तिथे अध्यक्ष होते. ठराव कागदावर राहिला. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी परिषद भरली, दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मग अफवा, मारहाण, आणि घागरी-घागरींनी तळ्याची ‘शुद्धी’. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली तेव्हा तळ्याबद्दल दावा दाखल होऊन मनाईहुकूम आला होता. मंडपाला जागा मिळेना. ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. मोटारवाले नेतील की नाही याची खात्री नव्हती, तेव्हा बाबासाहेब आणि मंडळी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाली, हरिहरेश्वरास आली, तिथून खाडीने दासगाव बंदराला लागली, आणि २५ डिसेंबरला पुढचे पाच मैल पायी चालून महाडला पोचली. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. मला त्या चालण्याचे नेहमी नवल वाटते. मीठ आले ती वाट, गलबते आली ती वाट, पेन्शनर शिपाई ट्रंका घेऊन उतरले ती वाट.

पण वाचकहो, आजचा माझा मुद्दा तळ्यावरचा नाही, कोर्टातला आहे. तो दावा दहा वर्षे चालला. फिर्यादींचे म्हणणे काय होते? अनादी काळापासून या तळ्याचे पाणी आम्हीच भरतो, इतरांना मज्जाव आहे, ही वहिवाट. थोडक्यात, आम्ही आधी. घाटावरून बैल घेऊन आलो, तो बैल इथेच बसला! मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला, की अशी अनादी वहिवाट फिर्यादींना शाबीत करता आलेली नाही. न्यायमूर्ती होते ब्रूमफील्ड, १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सांगणारे तेच. एखाद्या माणसाच्या हातून नियती काय काय लिहवून घेते! तळ्यावर जाऊन पाणी पिणे हे धैर्याचे काम, ते झालेच होते. पण ‘अनादी’ या शब्दाला भर कोर्टात ‘पुरावा काय?’ असे विचारले गेले, हे त्या निकालाचे मोल मला तितकेच वाटते. माझ्यापुढच्या वह्यांतला प्रत्येक मूळपुरुष अनादीच होता.

त्यानंतरची कथा लवकर सांगून होण्यासारखी आहे. बाबासाहेबांनी १९३७ साली खोती रद्द करण्याचे बिल असेंब्लीत आणले. खोती प्रत्यक्ष गेली ती १९४९ च्या कायद्याने. कुळाच्या हाती जमीन आली तोवर पोरे मुंबईला गेली होती. घरटी एक माणूस गिरणीत, गोदीत नाहीतर पोलिसांत. लालबाग-परळच्या एकेका खोलीत अर्धी अर्धी वाडी झोपायची, पाळीपाळीने. गावात म्हातारी, बायका, मनीऑर्डर. गावे रिकामी झाली असे म्हणतात. मी म्हणेन, ती लांबली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि पुष्कळांना परतीची वाट धरावी लागली.

त्याच सुमारास, १९८० नंतरच्या वर्षांत, काळ-सावित्रीच्या काठी कारखाने उभे राहिले. औषधांची रसायने, रंगांची रसायने. जमीन दिलेल्यांना नोकऱ्या मिळाल्या, काहींना नाही मिळाल्या, नदीचे पाणी पूर्वीचे राहिले नाही. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकदम बोलल्या की सभा मोडते. आता उत्तर प्रदेशातले, बिहारचे, झारखंडचे कामगार आहेत. बिरवाडीच्या बाजारात भाजीवाली मावशी हिंदीत भाव सांगते आणि मराठीत शिव्या देते. एका खोलीत सहा सहा जण, पाळीपाळीने झोपणारे. लालबाग इकडे आले म्हणायचे! परवा एका विद्यार्थ्याने फार तावातावाने मला सांगितले, ‘सर, हे सगळे बाहेरचे.’ मी त्याची वही काढून त्याच्यापुढे ठेवली. पहिल्याच ओळीत त्याचा मूळपुरुष घाट उतरत होता. त्याने वाचले, हसला, आणि म्हणाला, ‘पण आमच्याकडं बैल होता.’

आता ती कोरी वही.

उतारावरच्या वाड्यांविषयी मी वर लिहिले. भाताची खाचरे खाली, म्हणून घरे वर. खालची जमीन पिकाला हवी, पुराचे भयही खाली. जो उशिरा आला, ज्याच्या वाटणीला कमी आले, तो आणखी वर चढला. तिथे त्याने पायऱ्या पाडून घर घातले, पाठीशी डोंगर म्हणजे आधार वाटला. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते या गावांवर तो आधार कोसळला; दोनशेच्या आसपास माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुरात बुडत असताना तळियेची वाडी दरडीखाली गेली. ऐंशीहून अधिक माणसे. ही वर्तमानपत्रातली गावे. ज्यांची नावे छापली गेली नाहीत पण ज्यांना ‘धोकादायक’ म्हणून उठवले, किंवा जी आपणच घाबरून उठली, ती निराळीच. ती मुलगी अशाच एका वाडीची. वाडीचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही.

तिला मी कोऱ्या पानाविषयी विचारले. ती म्हणाली, ‘सर, गाव कोणी वसवलं ते आजोबांना माहीत होतं. पावसात आजोबा गेले. आजी म्हणते, ते गाव आता नाही, मग कशाला लिहितेस? आणि नवं आहे त्याला गाव म्हणायचं का ते ठरलं नाही.’

‘का ठरलं नाही?’

‘तिथं पालखी आलेली नाही अजून.’

सरकारने त्यांना रस्त्याजवळ सपाट जागेवर घरे दिली आहेत. रांगेने, सारखी, भिंतीवर काळ्या रंगाने नंबर घातलेली. तिथल्या पाटीवर शब्द आहे ‘पुनर्वसन वसाहत’. पाहा, हा शब्द पुन्हा आला! घरे वाटली चिठ्ठ्या टाकून. त्यामुळे जुन्या वाडीत जो सर्वांत वरच्या अंगाला होता तो पहिल्या रांगेत, ज्याच्या दारी पालखी पहिली यायची तो शेवटून तिसरा. देवीचे ठाणे जुन्या जागीच राहिले आहे. डोंगराची ती बाजू शाबूत राहिली. दोन शिमगे पालखी निघालीच नव्हती. एकदा दुःख म्हणून, एकदा भांडण म्हणून. जायचे कुठल्या क्रमाने? मूळ घराण्याच्या लोकांनी म्हणावे आमचा मान अनादी आहे. इतरांनी म्हणावे, तो तिकडे होता, इथे सगळे एकाच दिवशी ट्रकमधून उतरलो. मुंबईकर मंडळाची सभा परळला झाली ती रात्री दोनपर्यंत चालली, असे ऐकतो.

या शिमग्याला तिने मला बोलावले. पोचलो तेव्हा ऊन कलले होते. आजी ओट्यावर बसली होती. मी पाया पडलो, बसलो, आणि माझा तोच वर्गातला प्रश्न तिला विचारला. ती म्हणाली, ‘गुरुजी, घरधनी सांगायचे त्ये मी ऐकलंय. पण त्यांच्या बापाचं गाव त्ये. मी लगीन होऊन आलेली. मला कोन इचारतंय कुठनं आलीस?’ मी म्हटले, आजी, मी विचारतो. मग तिने सांगितले. घाटावरच्या एका गावचे नाव, तेराव्या वर्षी लग्न, डोक्यावर गाठोडे, ढवळे घाटाने एका दिवसात उतार. वाटेत पायात काटा मोडला तो खाली आल्यावर सासूने काढला. नातीने ते सारे वहीत लिहिले. कोऱ्या पानावर पहिला मजकूर पडला तो हा.

ढोल ऐकू आले. पालखी डोंगरातून उतरून रस्त्याला लागली होती. वसाहतीच्या तोंडाशी ती आली आणि थांबली. खांद्यावर पालखी, ढोल वाजताहेत, पण पाऊल पुढे पडेना. सगळे मानकऱ्याकडे पाहत होते. चाळिशीचा माणूस, मुंबईत कुठेतरी रखवालदार असतो. त्याची म्हातारी शेवटून तिसऱ्या घराच्या दारात आरती घेऊन उभी होती. तो तिच्याकडे पाहत राहिला, मग भिंतीवरच्या नंबरांकडे. आणि म्हणाला, ‘एकापासनं घ्या.’

एक नंबरचे घर कोणाचे? एका म्हाताऱ्याचे, जो चाळीस वर्षांपूर्वी घरजावई म्हणून या वाडीत आला. जुन्या गावात पालखी त्याच्या दारी शेवटी यायची, कधी उशीर झाला तर यायचीही नाही. त्याला यातले काहीच कोणी सांगितले नव्हते. तो बनियनवर, पाण्याची बादली हातात घेऊन उभा. घरात नारळ नव्हता. मग एकच पळापळ. कोणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानातून नारळ आणला. दुकान चालवणारा तरुण गोरखपूरकडचा, त्याने पैसे नंतर द्या म्हणून सांगितले. म्हाताऱ्याने सदरा उलटा घातला, नारळ फोडला, तो नीट फुटला. बायकांनी ओवाळले. मुलगी वहीत तारीख टाकून घरांचे नंबर उतरवून घेत होती.

म्हातारा घामाघूम झाला होता. त्याने मानकऱ्याला बाही धरून हळूच विचारले, ‘फुडल्या वर्सी पन माजंच आधी का?’

मानकरी काही बोलला नाही. पालखी दोन नंबरकडे वळली होती.